तीस मापांचं खोकं

१

शुक्रवारी सकाळी आमच्या वाडीतल्या बिरप्पाच्या देवळाला कुलूप नीट लागलेलं होतं, किल्ली पुजारी मायाप्पाकाकाच्या घरी खुंटीला होती, आणि आतला देवाचा चांदीचा मुखवटा गायब. कुलूप फोडलेलं नाही, कडी वाकलेली नाही. मग चोर कोण? ज्याच्या घरी किल्ली तो. वाडीनं तासाभरात निकाल लावून टाकला.

मला हे कळलं दहा दिवसांनी. वाडी आमची मुडबीच्या पलीकडं, आणि मी बिदरला, कोळारच्या कारखान्यांमागं एका पत्र्याच्या शेडमध्ये. नाव शरणप्पा. बाप सुतार होता, तो पेरणीच्या तिफणी करायचा. मी गाड्यांतल्या वूफरची, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरची, खोकी करतो. साल दोन हजार दहा. ज्याच्याकडं चार चाकं त्याला छातीत धडकणारा बेस पाहिजे. लोक म्हणतात, शरणप्पाचं तोंड वाईट पण खोकं चांगलं. दोन्ही खरं आहे.

त्या सोमवारी मी खोक्यात ज्वारी ओतत होतो. हसू नका, ती माझी पद्धत आहे. खोकं तयार झालं की वूफरच्या भोकातून लिटरच्या मापानं ज्वारी आत ओतायची. जेवढी मापं बसली तेवढे लिटर हवा. आकडा पेन्सिलीनं खोक्याच्या बुडाला लिहायचा आणि मगच ठरवायचं, किती वॅटचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, लावायचा. बायको, नेत्रावती, रोज बोंबलते, "लोकांची ज्वारी जात्यात जाती, आमची खोक्यात!" बोंबलू दे. पट्टीनं मोजून कोपऱ्यातल्या पट्ट्या, फळीची जाडी धरता येत नाही. ज्वारी खोटं बोलत नाही.

तेवढ्यात दारात पद्माबाईकाकू उभी राहिली. मायाप्पाकाकाची बायको. तीन बस बदलून आली होती. पाणी दिलं तर प्यायली नाही.

"शरणू, तुझ्या काकाला समद्यांनी चोर ठरवलंय रं."

मी हातातलं माप खाली ठेवलं. माझा बाप मेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आई माहेरी आजारी पडलेली. चार महिने मी मायाप्पाकाकाच्या ताटात जेवलो. त्यांची जात धनगर, आमची लिंगायत. भावकीतल्या लोकांनी नाकं मुरडली, पण त्यांच्यातल्या एकानंही मला भाकरी दिली नव्हती. त्या माणसाला चोर म्हणतात म्हणजे काय!

"काकू, काका काय म्हणायलेत?"

"कायच न्हाई. तीच तर पीडा हाय. पंचांनी शपथेला बेल-भंडारा म्होरं ठिवला. म्हणले, उचल आन म्हण, 'मी मुखवटा घेतला न्हाई आन कुणी घेतला ते मला ठाव न्हाई.' येवढं म्हणलं की सुटला."

"मग?"

"उचलला न्हाई." काकूनं पदर तोंडाला लावला. "येत्या सोमवारी जत्रा. तवर देव आला न्हाई तर पुजारीपण काढून घ्यायलेत. घर देवाच्या जागेत हाय, ते बी जाणार. पर घराचं जाऊ दे. चाळीस वर्सं देवाचं त्वांड धुतलं त्या माणसानं. आता त्याला देवळाच्या पायरीवर चढू देत न्हाईत."

चाळीस वर्षं देवाची सेवा केलेला माणूस देवापुढं खरं बोलायला का घाबरतो? बसपर्यंत काकूला सोडून आलो तरी ते डोक्यातून जाईना.

२

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून वाडी गाठली.

मायाप्पाकाका घराबाहेर घोंगडीवर बसून लोकर पिंजत होते. मला बघून हसले, पण हसणं डोळ्यांपर्यंत आलं नाही.

"काका, भंडारा कामून उचलला न्हाई?"

"देवाला ठाव हाय."

"देवाला असंल. मला सांगा ना!"

"तू जेवून जा," म्हणाले. बस्स. मी चिडलो, दोन वेळा ओरडलो. म्हातारा लोकर पिंजत राहिला.

मग मी बंडेप्पाला गाठलं. हा आळंदचा चांदीकाम करणारा. जत्रेआधी मुखवटा उजळून द्यायला गुरुवारी आला होता आणि आता पंचांनी त्याला पुन्हा बोलावून धर्मशाळेत बसवून ठेवलं होतं. बिचाऱ्याचं तोंडचं पाणी पळालेलं.

"अण्णा, चार मान्सांसमोर मुखवटा परत दिलो. मायाप्पानं कुलूप लावलं, मी पाचच्या बसनं गेलो. बसमदी चढताना लोकांनी माजी थैली बी उलटी करून बघितली. मी तर मुखवट्याला दमट हवा लागू नगं म्हणून नीट झाकून ठिवा म्हणून सांगितलो व्हतो. येवडाच माजा गुन्हा."

"कुणाला सांगितलं?"

"मायाप्पाच्या घरीच. समदे बसले व्हते."

तिसरे गुरुशांतप्पा. तुरीचे मोठे व्यापारी, पंचांचे प्रमुख, माझं गिऱ्हाईक. पांढरा शर्ट, पांढरी बोलेरो. मायाप्पाकाकाचा पोरगा सिद्धराम त्यांच्याच गाडीवर ड्रायव्हर.

"शरणप्पा, तू बोलू नको मधी," ते म्हणाले. "समद्या घरांची झडती घेतलो. माझ्या सुद्धा. गोठे बघितले, कणग्या उपसल्या, विहिरीत मानूस उतरवला."

"गाडी बघितली?"

"गाडी?" ते खो-खो हसले. "ती रोज समद्यांच्या नाकासमोर वाजतीया! वाजत व्हती म्हण. तुझ्या नव्या अँपनं माझा वूफर जाळला की रे. काल लग्नाच्या वरातीत बंद पडला. अब्रू गेली."

मी ओशाळलो. कारण होतं. मुखवटा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, सिद्धराम गाडी घेऊन माझ्याकडं आला होता. "अण्णा, बेस गेलाय, मालक तापलेत. मोठा अँप बसवा. खोकं उघडू नका, टाइम न्हाई." खोकं मीच गेल्या दिवाळीला केलेलं, तीस मापांचं, त्याला तीनशे वॅट अगदी बरोबर. खोकं न उघडता अँप बदलायचा नाही हा माझाच नियम, भिंतीवर खडूनं लिहिलेला. पण गिऱ्हाईक मोठं, लग्नसराईची गर्दी, आणि पोरगं घरचं. नियम गेला चुलीत. मी आठशे वॅटचा अँप बसवून दिला.

निघताना काकूच्या घरी जेवायला बसलो. शेवयाची खीर होती. काकूनं शेवया प्लास्टिकच्या पिशवीतून काढल्या आणि पुटपुटली, "दळभद्री दिवस आले. माजा माहेरचा डबा बी त्याच दिवशी गेला. लिंगम्मानं, माझ्या भैनीनं, नाव घालून दिल्याला."

माझा घास हातातच राहिला. "डबा गेला? आणि शेवया?"

"शेवया व्हत्या की. धुतल्याल्या धोतरावर नीट पसरून ठिवल्याल्या. एक काडी मोडली न्हाई."

काकांनी मान वर केली नाही. ते खिरीत बोट फिरवत राहिले.

३

बुधवारी सकाळी गुरुशांतप्पा स्वतः गाडीत बसून शेडवर आले. चालवायला सिद्धराम. पंचविशीचा पोरगा, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

मी काही बोलायच्या आत सिद्धराम म्हणाला, "अण्णा, नवीन खोकंच द्या मालकांना. ह्ये जुनं झालंय. ह्ये मी घिऊन जातो, टाकून देतो."

"आठ महिन्यात जुनं? माझं खोकं?" मला राग आला. "बाजूला हो."

मी मीटर लावला. आतली तारेची कॉइल मेलेली, काटा हलेना. मग तळहात ठेवून वूफरचा कागद, म्हणजे समोरचा हलणारा कोन, आत दाबला. अख्खा. कुठं चीर नाही, कड सुटलेली नाही. पण दाबताना हाताला जोर लागला. सोडला तर झटक्यात परत वर आला.

मी पुन्हा दाबला. पुन्हा तसंच.

आता इथं नीट ऐका, कारण सगळं यावर आहे. सायकलचा पंप घ्या, त्याचं तोंड बोटानं बंद करा आणि दांडा दाबा. आत हवा भरपूर असेल तर दांडा सहज जातो. हवा थोडी असेल तर दांडा अडतो. बंद खोक्यातला वूफर असाच असतो. खोकं मोठं, तर थोड्या वॅटमध्ये कागद भरपूर हलतो. खोकं लहान, तर तेवढंच हलवायला जास्त वॅट लागतात. म्हणून खोकं आणि ताकद यांची जोडी जमवावी लागते. नाही जमली तर वूफर मरतो, आणि मरतो तो दोन तऱ्हेनं. मोठ्या खोक्यात फार ताकद घातली तर कागद बेफाम हलतो, खडखडतो, फाटतो. लहान खोक्यात फार ताकद घातली तर आतली हवाच कागदाला हलू देत नाही. सगळी ताकद कॉइलमध्ये उष्णता होऊन बसते आणि कॉइल जळते.

तीस मापांच्या खोक्यात मी आठशे वॅट घातले होते. हा वूफर फाटून मरायला पाहिजे होता. हा जळून मेला होता.

"गुरुशांतप्पा," मी विचारलं, "बेस गेला म्हणजे नेमकं काय झालं? बंद झाला?"

"न्हाई न्हाई. आधी पोटात उतरायचा. मग नुसता टकटक करायला लागला. आवाज वाढीव म्हणलं तरी खोलीच न्हाई."

"कवापासून?"

ते आठवायला लागले. "तो मुखवटा गेला ना... त्याच शनिवारी. सिद्ध्या, शनिवारच ना रे?"

सिद्धराम गाडीची काच पुसायला लागला.

खोक्याचं लाकूड आखडत नाही. वूफर तोच, अँप तोच, तारा त्याच. मग अचानक जास्त ताकद कशी लागायला लागली? खोकं लहान झालं होतं. बाहेरून नाही, आतून. आणि नुसती चिंधी-लोकर कोंबली असती तर असं झालं नसतं. लोकरीतून हवा जाते, उलट खोकं थोडं मोठं असल्यासारखं वाजतं. आत जागा खाणारं काहीतरी बसलं होतं. बंद झाकणाचं. एखाद्या डब्याएवढं.

काखेत कळसा नि गावाला वळसा! अख्ख्या वाडीनं विहीरसुद्धा धुंडाळली, आणि देव रोज वरातीत वाजत फिरत होता.

"गाडी घेऊन जा," मी गुरुशांतप्पांना म्हणालो. "खोकं इथं राहू द्या. ड्रायव्हर पण राहू द्या, मला मदतीला पाहिजे."

४

गुरुशांतप्पा स्वतः गाडी हाकत गेले. मी शेडचं दार ओढून घेतलं. खोकं टेबलावर ठेवलं आणि स्क्रूड्रायव्हर सिद्धरामच्या हातात दिला.

"आठ स्क्रू हायेत. काढ."

त्यानं स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. मग तो भुशातच मटकन खाली बसला.

"अण्णा, उघडू नका. पाया पडतो."

"म्हणजे व्हय?"

"व्हय."

मी त्याच्या थोबाडीत मारली. खोटं कशाला सांगू? एक नाही, दोन मारल्या. माझी बायको आवाज ऐकून धावत आली, तिनं मला धरलं.

"चांदी विकायची होती रे तुला? बापाच्या देवाची?"

"चांदीचं मला काय करायचंय!" तो एवढ्या जोरात ओरडला की नेत्रावती मागं सरली. "विकायची असती तर आळंदच्या बंडेप्पाकडं दिली नसती का? म्या तर डब्यात घालून, झाकणाला ट्यूब आवळून, वरनं घोंगडी गुंडाळून ठिवलो, हवा लागू नगं म्हणून. बारा दिस झोपलो न्हाई. गाडी खड्ड्यात आदळली की मला वाटायचं देवाला लागलं."

"मग कामून?"

"ह्या जत्रेत माझ्या खांद्यावर घोंगडी टाकणार व्हते अण्णा. पुजाऱ्याची. एकदा टाकली की येशीबाहेर मुक्काम न्हाई. जन्मभर. अप्पाला तर बिदर बी मुक्कामाला ठाव न्हाई. मला पुण्याच्या कंपनीनं लेटर दिलंय, बसवर ड्रायव्हर म्हणून. तीनदा सांगितलो अप्पाला. अप्पा म्हणलं, सात पिढ्यांत कुणी न्हाई म्हणलं न्हाई, तू कोण? मला वाटलं, देवच न्हाई तर घोंगडी कशाची? लोक म्हणतील, देव रुसून गेला. माझ्या बापाला चोर म्हणतील असं माझ्या मनात बी आलं न्हाई."

"आणि म्हणायला लागले तेव्हा?"

तो बोटानं भुशात रेघा ओढायला लागला.

"तेव्हा तोंडात काय घातलं होतंस, ढेकूळ?"

"भ्यालो," तो म्हणाला. "पुण्याला जाताना कुणाच्या तरी हाती परत पाठवीन, असं ठरवलो. पर लग्नसराईत मालक मला सुट्टी दीनात. आन मग त्यांना आवाज कमी वाटायला लागला."

मालकाला आवाज कमी वाटला, पोरगं माझ्याकडं आलं, आणि मी आठशे वॅट घालून मोकळा झालो. त्या रविवारी मी आठ स्क्रू काढले असते तर? पंच बसले ते मंगळवारी. भंडारा पुढं ठेवला तो मंगळवारी. दोन दिवस आधी देव माझ्या टेबलावर होता, आणि मी वर तारा जोडत होतो.

"तुझ्या बापाला कळलंय," मी म्हणालो. "परका चोर तुझ्या आईच्या शेवया धुतल्या धोतरावर पसरत बसत नाही. म्हणून म्हाताऱ्यानं भंडारा उचलला नाही. 'मी घेतला नाही' हे खरं होतं. 'कुणी घेतला ठाऊक नाही' हे खोटं झालं असतं. देवाच्या हळदीवर खोटं बोलणं त्याला जमलं नाही, आणि तुझं नाव घेणंही जमलं नाही."

सिद्धराम भुशात तोंड लपवून रडला. मी खोकं उघडलं नाही.

"सोमवारी पंचांसमोर तू स्वतः सांगायचं. तुझ्याच हातानं देव बाहेर येऊ दे. तू बोलला नाहीस तर मी बोलेन. समजलं?"

त्यानं मान डोलावली. माझा विश्वास बसला. मूर्ख मी!

५

सोमवारी दुपारी देवळापुढं सगळी वाडी बसली होती. ढोल होते, पण वाजत नव्हते. मायाप्पाकाका पायरीच्या खाली, एकटे. काकू बायकांत. सिद्धराम गुरुशांतप्पांच्या मागं उभा. मी खोकं आणि ज्वारीचं पोतं घेऊन मधोमध बसलो.

गुरुशांतप्पांनी विचारलं, "कुणाला काय सांगायचं हाय?"

मी सिद्धरामकडं बघितलं. तो स्वतःच्या चपलेकडं बघत होता. मी मनात दहापर्यंत मोजलं. मग वीसपर्यंत. माझं डोकं फिरलं.

"मला सांगायचंय," मी म्हणालो.

स्क्रू काढले, जळका वूफर बाजूला ठेवला. खोक्याच्या बुडावरचा माझा पेन्सिलीचा आकडा सगळ्यांना दाखवला. तीस. मग ज्वारी ओतायला लागलो. पोरं मोठ्यानं मोजायला लागली. अठरा, एकोणीस, वीस. एकविसाव्या मापाला ज्वारी भोकातून बाहेर सांडली.

"दहा मापं कुठं गेली?" मी ओरडलो. "खोक्यानं खाल्ली?"

हात घालून ज्वारी उपसली, कोपऱ्यात काळी घोंगडी लागली, आणि मी ती बाहेर ओढली. घोंगडीत डबा, डब्याच्या झाकणाला सायकलची ट्यूब, आत बिरप्पा. उन्हात असा झळकला की बायकांनी हात जोडले. बंडेप्पा हमसून रडायला लागला.

मी रिकामा डबा उलटा करून नाव वाचलं. "पद्माबाईस, बहीण लिंगम्माकडून." मग शेवयांचं सांगितलं. धोतराचं सांगितलं. खोकं उघडू नका म्हणणारा कोण, जुनं खोकं टाकून देतो म्हणणारा कोण, सगळं सांगितलं. नाव अजून घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती. लोकांच्या माना सिद्धरामकडं वळायला लागल्या होत्या. गुरुशांतप्पा उठून उभे राहिले. "सिद्ध्या?" म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं, "पोलिसात द्या भाड्याला."

तेवढ्यात मायाप्पाकाका उठले. पायरीवर चढायला बंदी होती तरी चढले. भंडाऱ्याच्या ताटात हात घातला आणि मूठभर हळद उचलली.

"म्या ठिवला," म्हणाले. "बिरप्पाच्या भंडाऱ्याची आन. मुखवटा म्याच घेतला आन म्याच खोक्यात ठिवला. सिद्धूला कायबी ठाव न्हाई."

चाळीस वर्षांत जो माणूस देवापुढं खोटं बोलला नव्हता, त्याच्या बोटांतून हळद गळत होती.

"काका!" मी धावलो. "खोटं बोलताय तुम्ही! सांगा, या खोक्याला स्क्रू किती?"

ते थांबले. खोक्याकडं बघितलं, पण वूफरचं भोक पलीकडच्या बाजूला होतं.

"चार," म्हणाले.

"आठ! आठ आहेत! ऐकलंत का? ज्यानं उघडलं त्याला स्क्रू किती ते ठाऊक नाही होय?"

"शरणप्पा, बास कर," गुरुशांतप्पा म्हणाले. "भंडारा उचलल्यावर म्होरं इचारायचं नसतं."

वाडीची तीच रीत आहे. भंडाऱ्यावर बोललेलं शेवटचं. माझं माप, माझी ज्वारी, जळकी कॉइल, शेवया, सगळं एका मुठीखाली गेलं. आणि लोकांनाही तेच सोयीचं होतं. देव मिळाला होता, चोर कबूल झाला होता, जत्रा अडली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं संन्याशानंच फास गळ्यात घालून घेतला.

मी सिद्धरामकडं बघितलं. अजून वेळ होता. एक शब्द बोलला असता तर झालं असतं. त्यानं तोंड उघडलं. बापानं पायरीवरून त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि त्यानं ते मिटलं.

ढोल वाजायला लागले.

६

पोलिसात कोणी गेलं नाही. पुजारीपण काढून घेतलं आणि लांबच्या भावकीतल्या एकाच्या खांद्यावर घोंगडी टाकली. चोराच्या पोराला देवाची सेवा नाही, असं पंचांनी ठरवलं. म्हणजे सिद्धरामला जे पाहिजे होतं तेच त्याला मिळालं. गुरुवारी तो पुण्याला गेला.

मी दिवाळीला वाडीत गेलो. काका-काकू आता ओढ्याकडच्या एका खोपटात राहतात. काका घरी नव्हते. देवळाकडं गेलो तर बाहेर, लोक चपला काढतात तिथं, भिंतीला टेकून बसले होते. तिथून दाराच्या फटीतून मुखवट्याचं कपाळ तेवढं दिसतं.

"काका, आत तरी जा. आता कोण अडवणार नाही."

"मीच जात न्हाई," म्हणाले. "खोट्या हातानं भंडारा उचललाय."

मी शेजारी बसलो. मला त्यांना सांगायचं होतं, त्या रविवारी मीच खोकं उघडलं नाही, माझ्याच आळसानं हे झालं. चार-पाच महिने ते मनात धरून होतो. सांगितलं. सांगताना रडलो, लाज कशाची. म्हातारा ऐकत राहिला. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि भलतंच विचारलं.

"सिद्धूला पुण्यात मुक्कामाला जागा बरी हाय का रं? त्यो फोन करत न्हाई."

मला काय ठाऊक! तो मलाही करत नाही. तरी मी म्हणालो, "व्हय काका, चांगली आहे." आता देवाच्या दारात खोटं बोलणारे आम्ही दोघं झालो.

परत येताना खोपटावर थांबलो. पंचांकडून भांडून तो डबा मी सोडवून आणला होता. काकूपुढं ठेवला. तिनं बहिणीनं घातलेल्या नावावरून बोट फिरवलं, आणि डबा माझ्याकडं सरकवला.

"तूच ने, शरणू. देव बसल्याल्या डब्यात शेवया कशा भरू?" मग म्हणाली, "आन भरून तरी कुणाला घालू?"

मी डबा घेऊन आलो. शेडमध्ये खडूनं लिहिलेल्या त्या नियमाखाली फळीवर ठेवलाय. गिऱ्हाईक विचारतात, स्क्रू ठेवायला चांगला आहे की. मी त्यांच्यावर ओरडतो. डबा रिकामाच आहे.